चांदीवरचं नाव

गेल्या मे महिन्यात वन्सं अमेरिकेहून आल्या, तेव्हा त्यांच्या बॅगेतून नेहमीचं सामान निघालं. मुलांना चॉकलेटं, सासूबाईंना गुडघ्याला लावायचं मलम, ह्यांना दाढीचं सामान. सगळ्यांचं देऊन झाल्यावर त्यांनी मऊ तपकिरी फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी माझ्या हातात ठेवली. "वहिनी, ही खास तुझ्यासाठी. तू इतिहास शिकवतेस ना!" सोडून बघते तो आत चहाचे सहा चमचे. काळे पडलेले, दांड्याला नाजूक वळणाची नक्षी, आणि टोकाशी एकात एक गुंफलेली तीन इंग्रजी अक्षरं.

वन्सं बोस्टनजवळ राहतात. तिकडे घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं आपल्याला हवं ते घेतात आणि उरलेला संसार त्याच घरात मांडून विकायला काढतात. पलंग, पडदे, कढया, पुस्तकं, सगळं. अशाच एका घरात वन्संना हे चमचे दिसले. "टेबलावर तसे पडलेले बघवेनात गं," म्हणाल्या, "म्हणून घेतले."

सासूबाईंनी एक चमचा उचलून उजेडात धरला. "हे नाव कुणाचं?" वन्संना ठाऊक नव्हतं. "मग कुणाच्या घरचे कोण जाणे. देवाच्या नैवेद्याला नकोत हो," असं म्हणून त्यांनी तो खाली ठेवला आणि त्या आत निघून गेल्या.

सासूबाईंचा तो प्रश्न मला फार लागला. का लागला ते पुढे सांगेन. तूर्त एवढंच, की रात्री सगळी निजानीज झाल्यावर मी मुलाचं भिंग घेऊन बसले. चमच्याच्या पाठीवर तीन बारीक शिक्के होते: एक सिंह, एक नांगर आणि इंग्रजी 'जी' हे अक्षर. त्यांच्या शेजारी शब्द होता 'स्टर्लिंग'. नांगर पाहून मला आधी वाटलं, हे बोटीवरचे चमचे असणार! माझी शाळेची नोकरी आठवड्यातून तीनच दिवस. त्यात मे महिन्याची सुट्टी. पुस्तकं मिळवून वाचत गेले, आणि त्या चार खुणांनी मला कुठल्याकुठे नेलं.

आधी 'स्टर्लिंग' म्हणजे काय ते सांगते, कारण परदेशातून आलेल्या वस्तूंवर हा शब्द तुम्हीही पाहिला असेल. शुद्ध चांदी फार मऊ असते. तिचा चमचा केला तर श्रीखंड काढतानाच वाकेल. म्हणून हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि बाकीचं बहुधा तांबं असा मिलाफ करतात. त्याला स्टर्लिंग म्हणतात. इंग्लंडमध्ये अशा वस्तूची सरकारमान्य कचेरीत परीक्षा व्हायची आणि मगच शिक्का बसायचा. अमेरिकेत तशी पद्धत जवळजवळ कुठेच रुजली नाही. तिथे वस्तूवर शिक्का असायचा तो करणाऱ्या कारागिराचा. त्याच्या नावावर विश्वास ठेवायचा आणि घ्यायचं. 'स्टर्लिंग' असं उमटवलं तर माल खरोखर तेवढ्या कसाचा हवा, असा देशभराचा कायदा झाला तो १९०६ साली.

तुम्ही म्हणाल, नुसत्या नावावर विश्वास? पण आपला घरचा सोनार आठवा. आपणही पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आलो ना!

अमेरिका इंग्लंडच्या ताब्यात होती तेव्हा तिथे बँका नव्हत्या. व्यापारात हाती यायची ती स्पेनच्या वसाहतींतली आणि कुठकुठली चांदीची नाणी. ती घरात थैलीत ठेवली आणि चोरीला गेली, तर ओळखायची कशी? एक नाणं दुसऱ्यासारखंच. म्हणून लोक ती नाणी सोनाराकडे नेत, वितळवून त्यांचा पेला, चहादाणी, चमचे करून घेत आणि त्यावर नाव घालत. नवराबायकोची आद्याक्षरं त्रिकोणात कोरायची चाल होती: वर आडनावाचं अक्षर, खाली एका बाजूला त्याचं आणि दुसऱ्या बाजूला तिचं. चोरी झालीच तर वर्तमानपत्रात वर्णनासह जाहिरात द्यायची, म्हणजे चोर ती वस्तू विकायला दुसऱ्या सोनाराकडे गेला की पकडला जाई. अडचण आली की तीच चहादाणी पुन्हा वितळवून पैसे उभे करायचे. एकूण काय, फडताळ हीच बँक. आपल्याकडे वेगळं काय होतं?

बोस्टनचा जॉन हल हा या पहिल्या सोनारांपैकी एक. १६५२ साली त्याला आणि त्याचा भागीदार रॉबर्ट सँडरसन याला नाणी पाडायचं काम मिळालं. त्यांच्या शिलिंगवर पुढे पाइनचं झाड असायचं, आणि नाणं कुठल्याही साली पाडलेलं असो, त्यावर साल बहुतेक १६५२ च. या हलच्या लेकीची, हॅनाची, एक कथा तिकडे मुलांना सांगतात. तिच्या लग्नात बापाने तिला तराजूच्या एका पारड्यात बसवलं आणि दुसऱ्यात शिलिंग ओतले. पारडं उचललं गेलं तेवढी चांदी हुंडा म्हणून दिली. ही कथाच, इतिहास नव्हे. आपल्याकडे तुळा करतात ती देवाला किंवा ब्राह्मणाला द्यायला. इथे मात्र लेकीची तुळा जावयाला! वाचून मला हसू आलं आणि थोडा रागही आला.

पॉल रिव्हिअरचं नाव तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलं असेल. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री घोड्यावर बसून 'इंग्रज फौज येतेय' अशी वर्दी देत गेला तो. हा माणूस पोटापाण्यासाठी बोस्टनमध्ये चांदीकाम करायचा. बाप फ्रान्समधून आलेला सोनार, त्याच्याच हाताखाली शिकला. दोन लग्नं, सोळा मुलं, आणि एवढ्यांची पोटं भरायला सोनारकीबरोबर तांब्याच्या ठशांवरून चित्रं छापायची, लोकांचे कृत्रिम दात बसवायचे, असे नाना उद्योग त्याने केले. त्याच्या हातचं एक मोठं चांदीचं पात्र बोस्टनच्या कलासंग्रहालयात आहे. १७६८ साली इंग्लंडच्या राजाचा हुकूम तिथल्या विधानसभेच्या ९२ सभासदांनी झुगारला, त्यांच्या गौरवासाठी पंधरा स्वातंत्र्यवाद्यांनी ते करून घेतलं. स्वतः त्या पंधरांची नावं काठाखाली कोरलेली आहेत. इंग्रजांच्या नाकावर टिच्चून आपली नावं चांदीवर घालायची! आणि सगळं निस्तरायची पाळी आली असती तर पुरावा हातातच होता. ते पात्र १९४९ मध्ये संग्रहालयाने विकत घेतलं, तेव्हा वर्गणीत शाळेतल्या मुलांनीही आपले पैसे घातले. माझ्या सातवीच्या मुलींना हे सांगितलं तेव्हा एकीने विचारलं, "बाई, पण त्यातून पीत काय होते?" पंच नावाचं दारूचं पेय, असं सांगावं लागलं!

पण या नावांच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. दक्षिणेकडे चार्ल्सटनसारख्या शहरांत चांदीकामाच्या दुकानांतून गुलाम कारागीर बसत. ठोकणं, जोडणं, घासणं त्यांचं. शिक्का मात्र मालकाचा. आज संग्रहालयात ती भांडी आहेत, चकचकीत आहेत, आणि ज्याने घडवली त्याचं नाव कुठेही नाही.

आता माझ्या सिंह-नांगराकडे येते. तो शिक्का निघाला गोरॅम कंपनीचा. जाबेझ गोरॅम याने १८३१ साली ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स गावी चांदीचे चमचे करायला सुरुवात केली. नांगर हे त्या राज्याचं चिन्ह, बोटीचा काही संबंध नाही! तेव्हा चमचे नाण्याच्या चांदीचे असत, म्हणजे हजारात नऊशेच्या आसपास. त्याचा मुलगा जॉन याने इंग्लंडहून वाफेचं ठोकयंत्र आणलं आणि हातोडीच्या जागी ठसे आले. एक कारागीर दिवसभर बसून जे करी ते यंत्राच्या एका ठोक्यात होऊ लागलं. १८६८ साली गोरॅमने स्टर्लिंगचा कस धरला. न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीने तो १८५१ मध्येच धरला होता. या दोघांनी धरला म्हटल्यावर बाकीच्यांना धरावाच लागला.

माझ्या चमच्यांची नक्षीही पुस्तकात सापडली. तिचं नाव 'शँटिली'. विल्यम कॉडमन या इंग्लंडहून आलेल्या नक्षीकाराने ती १८९५ साली गोरॅमसाठी काढली आणि अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेल्या नक्षींत ती गणली जाते. म्हणजे वन्संनी आणलेली वस्तू काही दुर्मीळ नव्हे. आपल्याकडच्या मोरणीच्या पैंजणांसारखी घरोघरची. मला उलट बरंच वाटलं.

एवढी चांदी आली कुठून? नेवाडात १८५९ साली कॉमस्टॉकची खाण सापडली आणि जमिनीतून चांदीचा पूर लोटला. त्या खाणीत नशीब काढलेल्यांपैकी एक जॉन मॅके, आयर्लंडहून आलेला गरीब पोरगा. त्याची बायको मेरी लुईझ आधी विधवा होती, खाणीच्या गावात शिवणकाम करून पदरच्या मुलीला सांभाळत होती. मॅके कोट्यधीश झाला तरी न्यूयॉर्कच्या बड्या घरच्या बायका तिला आपल्यात घेईनात. 'शिवणवाली' म्हणत असतील, आणखी काय! मॅकेने आपल्या खाणीतली अर्धा टन चांदी टिफनीकडे पाठवली आणि बायकोसाठी जेवणाची भांडी करायला सांगितली. सुमारे २०० कारागीर जवळजवळ दोन वर्षं खपत होते. चोवीस माणसांच्या पंगतीसाठी १२५० वस्तू झाल्या, पौर्वात्य धर्तीच्या भरगच्च नक्षीच्या. १८७८ साली त्या पॅरिसच्या प्रदर्शनात मांडल्या आणि मग तिच्या पॅरिसच्या घरी गेल्या. दुसऱ्याची भांडी पाहून तिच्यावर हसणाऱ्यांना ते ताट बघून घास गिळवला असेल का, असा एक गृहिणी म्हणून मला प्रश्न पडला. मात्र घासायला किती माणसं लागत असतील, हाही पडलाच.

याच अमेरिकन चांदीचा एक धागा थेट आपल्या देवघरापर्यंत येतो, हे वाचून मी उडालेच. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीचे रुपये कमी पडू लागले. लोक नोटा देऊन रुपये मागत आणि घरात पुरून ठेवत. तेव्हा १९१८ च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने आपल्या तिजोरीतले सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी इंग्लंडने विकत घेऊन हिंदुस्थानकडे पाठवली, आणि मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे रुपये झाले. तेव्हा लक्ष्मीपूजनाला तुम्ही डब्यातून पंचम जॉर्जचा रुपया काढत असाल, तर त्यावरचं साल बघा. १९१८ ते १९२० मधला असला, तर तुमच्या लक्ष्मीच्या अंगात कदाचित नेवाडाची चांदी असेल!

यंत्र आलं, चांदी स्वस्त झाली, आणि मध्यम घरच्या मुलींच्या लग्नातही चांदी येऊ लागली. लग्न ठरलं की मुलगी दुकानात जाऊन आपली नक्षी निवडायची, आणि आप्तेष्टांनी त्याच नक्षीचे काटे, सुऱ्या, चमचे आहेर द्यायचे. शिकागोच्या मार्शल फील्ड्स या मोठ्या दुकानाने १९२४ पासून नवऱ्या मुलींच्या अशा याद्या ठेवायला सुरुवात केली. कुणी काय दिलं, काय राहिलं, सगळं लिहून. म्हणजे एकाच घरी सात घड्याळं यायला नकोत! कल्पना मला फार आवडली. पण दुकानदारांनी त्याचा अतिरेकही केला. आइस्क्रीमचा काटा वेगळा, सार्डिन माशाचा वेगळा, टोमॅटोचा वाढणा वेगळा, द्राक्षांचे घोस कापायची कात्री वेगळी. एकेका नक्षीत शंभरावर प्रकार झाले. शेवटी १९२५ च्या सुमारास हर्बर्ट हूव्हर हे व्यापारमंत्री असताना त्यांच्या सूचनेवरून कारखानदारांनी एका नक्षीत ५५ हून जास्त प्रकार करायचे नाहीत असं ठरवलं. पंचावन्न! आमच्या मांडणीत चमच्यांचे प्रकार मोजले, उलथनं आणि झारा धरून नऊ भरले.

आणि या चमच्यांवर नाव कुणाचं घालायचे? तिकडची रीत अशी, की लग्नाआधी मुलीसाठी केलेल्या चांदीवर तिच्या माहेरच्या नावाची आद्याक्षरं घालायची. म्हणजे माझ्या चमच्यांवरची ती तीन अक्षरं बहुधा त्या बाईच्या लग्नाआधीच्या नावाची. ती सासरी गेली, तिचं आडनाव बदललं, पण रोज चहात साखर ढवळताना हातात माहेरचं नाव होतं.

चांदीवर बाईचं नाव यायचं ते असं, वापरणारीचं. करणारीचं नाव येणं फार दुर्मीळ. म्हणून शिकागोची क्लारा बार्क मला विशेष वाटते. १९०० साली तिने, कलाशाळेतून शिकून बाहेर पडलेल्या इतर काही मुलींबरोबर 'कॅलो' नावाचं दुकान काढलं. सुरुवातीला चामड्याचं वगैरे काम, आणि थोड्या वर्षांत चांदीचं. कारखान्यांचा भर ठशांवर, तर हिचा हातोडीवर. भांडी साधी, नक्षी जवळजवळ नाहीच, पण ठोक्यांच्या खुणा हलकेच दिसतील अशी. तिने बायकांना काम शिकवलं, बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीतही ती होती. जॉर्ज वेल्सशी लग्न झालं, पुढे काडीमोड झाला, दुकान मात्र चालूच राहिलं. १९५९ मध्ये तिने ते आपल्या चार कारागिरांना देऊन टाकलं. १९७० पर्यंत त्यांनी ते चालवलं.

अमेरिकेची चांदी म्हणजे नुसती गोऱ्यांची नव्हे. नैर्ऋत्येकडच्या वाळवंटी मुलखात नव्हाहो नावाचे मूळचे रहिवासी आहेत. त्यांच्यात पहिला चांदीकाम करणारा म्हणून अत्सिदी सानीचं नाव घेतात. तो आधी मेक्सिकन माणसाकडून लोहारकाम शिकला होता. १८६४ साली अमेरिकन फौजेने या लोकांना घरादारातून हुसकून शेकडो मैल चालवत नेलं आणि चार वर्षं डांबून ठेवलं. १८६८ मध्ये ते परत आले ते उघड्यानागड्या अवस्थेत. त्यानंतर त्यांच्यात चांदीची कला फुलली. नाणी वितळवून किंवा ठोकूनच ते बांगड्या, पट्ट्यांच्या चकत्या, गळ्यातल्या माळा करत, आणि पुढे त्यांत आकाशी पिरोजे बसवू लागले. मेंढ्या आणि अंगावरची चांदी हीच त्यांची शिल्लक.

आणि अडीनडीला? व्यापाऱ्याच्या ठाण्यावर गहाण. गनाडो गावचं हबेल यांचं ठाणं फार जुनं, आता ते सरकारने जपलं आहे. हिवाळ्यात पीठ-साखर उधार हवी की बाई आपली माळ नेऊन ठेवी. तिला चिठ्ठी बांधून व्यापारी ती भिंतीला टांगी. लोकर निघाली, कोकरं विकली की सोडवायची. मध्येच घरी धर्मकार्य निघालं, तर भला व्यापारी ती माळ तेवढ्यापुरती नेऊ देई, कारण बाई उघड्या गळ्याने चारचौघांत जाणार कशी? मुदत टळली की मात्र माळ विकायला मोकळी. तिकडच्या भाषेत अशा वस्तूला 'मेलेलं गहाण' म्हणतात. प्रवासी लोक आजही तो शब्द ऐकून हौसेने घ्यायला धावतात, जुनी असली वस्तू म्हणून. ज्या घरातून ती गेली त्या घरात तेव्हा काय झालं असेल, याची चिठ्ठी तिला नसते. जुन्या माळांवर करणाऱ्याचं नावही नसतं.

आता मी सुरुवातीला राखून ठेवलेली गोष्ट. १९७९ च्या सुरुवातीला अमेरिकेत चांदी औंसाला सहा डॉलरच्या आसपास होती. टेक्सासच्या हंट बंधूंनी चांदीची प्रचंड खरेदी केली आणि जानेवारी १९८० मध्ये भाव पन्नास डॉलरला जाऊन भिडला. गावोगाव लोक आजीच्या चहादाण्या, लग्नातले चमचे पिशव्यांत भरून रांगा लावून उभे राहिले. दुकानदार वजन करत, पैसे देत, आणि माल सरळ भट्टीत. कुणाची नक्षी, कुणाची अक्षरं, कोण बघतो! २७ मार्चला भाव कोसळला, पण गेलं ते गेलं. त्या नक्षीचे चमचे अर्धेमुर्धे उरलेल्या कितीतरी घरांसाठी पुढे १९८१ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात एक दुकानच निघालं, जुळणारा तेवढा एक काटा किंवा चमचा शोधून देणारं. २०२५ च्या ऑक्टोबरात चांदीने १९८० चा तो भाव ओलांडला. तेव्हा पुन्हा तेच झालं असणार, तिकडेही आणि आपल्याकडेही.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं. कारण सात वर्षांपूर्वी मीही त्या रांगेत होते. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला वाळे आणि पैंजण करायचे होते. सोनं घेणं शक्य नव्हतं, चांदीच घ्यायची, पण त्यातही घरातली मोड घालावी असा विचार केला. माझ्याकडे माझ्या आजीचं एक फुलपात्र होतं, काठाला चेपलेलं, बुडाशी जोड दिलेलं. आजीने मला लग्नात दिलं होतं. त्यावर बारीक अक्षरांत नाव होतं: 'द्वारका'. आजीला मी आयुष्यभर सरस्वती म्हणून ओळखत होते. लग्नात तिचं नाव बदललं होतं. द्वारका हे तिचं माहेरचं नाव. कागदोपत्री ते कुठेच नव्हतं, कारण तिच्या जन्माचा दाखलाच नव्हता. तिच्या वडिलांनी घातलेलं ते नाव होतं फक्त त्या फुलपात्रावर.

सराफाने वजन केलं, जोडाची घट धरली. मी एकदा म्हटलं, "नाव आहे हो त्यावर." ते म्हणाले, "ताई, नावाला वजन नसतं." सगळे हसलो. मीही. महिन्याने आई आली, देवघरात बघून म्हणाली, "फुलपात्र कुठे गं?" मी सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "त्याच्यावर तिचं नाव होतं ना गं." वाळे लेकीला वर्षभरात लहान झाले.

म्हणून मैत्रिणींनो, घरातली चांदी मोडायची वेळ आली तर मोडा. अडचणीला उपयोगी पडावी म्हणूनच ती असते, हॅनाच्या बोस्टनपासून गनाडोपर्यंत सगळ्यांनी तेच केलं. पण भट्टीत घालण्याआधी तिच्यावरचं वाचा. फोटो काढा. कागद दाबून पेन्सिलीने घासलं तरी अक्षरं उमटतात.

आणि परदेशातून आलेल्या, किंवा जुन्या बाजारात दिसलेल्या चांदीबद्दल चार गोष्टी. 'स्टर्लिंग' किंवा '९२५' लिहिलेलं असेल तर चांदी. नुसतं 'सिल्व्हर प्लेट' किंवा 'ई.पी.एन.एस.' असेल तर वर मुलामा, आत दुसरा धातू. काही चमच्यांवर '१८४७ रॉजर्स ब्रदर्स' असतं. ते साल नव्हे, मुलाम्याच्या मालाची ती छाप आहे, तेव्हा पावणेदोनशे वर्षांचा चमचा म्हणून कुणी किंमत सांगितली तर फसू नका. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावालाही नसते, हे तुम्हांला माहीत आहेच. स्टर्लिंगचे मेणबत्तीचे उभे दिवे मात्र वजनाला भारी लागतात ते आत भरण घातलेली असते म्हणून. चांदी वरच्या पातळ पत्र्यापुरती. सुऱ्यांच्या मुठी पोकळ असतात, उकळत्या पाण्यात टाकल्या तर आतला लुकण सुटून पातं निघतं.

चांदी काळी पडते ती हवेतल्या आणि अन्नातल्या गंधकामुळे. अंडं, कांदा, लोकरीचं कापड, रबर या सगळ्यांशी तिचं वाकडं. डब्यात चमचे रबराने बांधून ठेवू नका, सुती मऊ फडकं बरं. मीठ तर तिला खड्डेच पाडतं, म्हणून तिकडे मिठाच्या चांदीच्या वाट्यांना आतून सोन्याचा मुलामा देत किंवा काचेची वाटी बसवत. लोणच्यात चांदीचा चमचा ठेवायचा नाही तो याचसाठी. राखेने, टूथपेस्टने घासलं तर चमक येते, पण दर वेळी थोडी चांदी निघून जाते, आणि नावही झिजतं. त्यापेक्षा पातेल्यात अॅल्युमिनियमचा कागद पसरावा, त्यावर चमचे, वर चमचा-दोन चमचे खायचा सोडा, आणि कढत पाणी. कागद आणि चांदी एकमेकांना टेकायला हवीत. गंधक कागदाकडे जातं, चांदी जागच्या जागी राहते. नंतर स्वच्छ धुवून लगेच कोरडं करायचं. पिरोजे किंवा मोती बसवलेल्या दागिन्यांना हा उपाय अजिबात करू नका, आणि ज्या नक्षीच्या खाचांत मुद्दाम काळिमा ठेवलेला असतो तिलाही नको.

माझे सहा चमचे याच उपायाने उजळले. पाडव्याला श्रीखंडाच्या वाट्यांबरोबर ते मांडले तेव्हा सासूबाईंनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत. जेवणं झाल्यावर मात्र मोलकरणीला दिले नाहीत, स्वतः धुवून पुसून ठेवले. पाचच निघाले. सहावा मुलगा शाळेच्या डब्याबरोबर घेऊन गेला होता, तो चार दिवसांनी बाकाखाली सापडला, सुदैवाने.

परवा मी त्यांतला एक घेऊन बाजारात गेले. आमच्याकडे भांड्यांच्या दुकानाबाहेर एक गृहस्थ छोटं यंत्र घेऊन बसतात, भांड्यांवर नावं घालून देतात. त्यांनी चमचा उलटसुलट पाहिला. "पुढे तर नाव आहे, बाई. हे घासून काढू?"

"नको, ते राहू दे. मागच्या बाजूला घाला. 'द्वारका'."

"आडनाव? गाव?"

"नुसतं द्वारका," मी म्हटलं. त्यांनी सिंह-नांगराच्या जरा खाली बोट ठेवून जागा दाखवली आणि यंत्र चालू केलं.